चुनखडीविना डोंगरमाती : सिंधुदुर्गातील वनमृदा आणि त्यांतील चुन्याचे चक्र

प्रास्ताविक

मृदाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत डोंगराळ वनमृदांचे विवेचन येते तेव्हा चुनखडीच्या खडकावर तयार झालेल्या मृदांना त्यात हमखास स्थान असते. गडद, भुसभुशीत, खडकाचे तुकडे मिसळलेल्या उथळ मातीसाठी रूढ झालेला 'रेंडझिना' हा शब्द पोलंडमधील शेतकऱ्यांच्या बोलीतून आला, तर भूमध्य समुद्राभोवतीच्या लालसर मातीचे 'टेरा रोसा' हे नाव इटालियन आहे. ही वर्णने शिकवताना कोकणातील प्राध्यापकासमोर एक अडचण उभी राहते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात डोंगर आहेत, अरण्य आहे, मातीही लाल आहे; परंतु तिच्याखाली चुनखडी नाही. मालवणच्या किनाऱ्यावर चुना मिळतो तो समुद्रातील शिंपल्यांचा. कोकणपट्टीत कालवे व तिसऱ्यांची कवचे भट्टीत भाजून चुना करण्याची परंपरा जुनी आहे. डोंगर मात्र चुन्याच्या बाबतीत रिताच आहे.

तरीही आंबोलीच्या रानात किंवा एखाद्या जुन्या देवराईत पायाखालची माती काळसर, मऊ आणि सुपीक आढळते. ज्या खडकात चुना उरलेलाच नाही, त्यावरील मातीत तो टिकतो कसा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. येथे 'चुना' हा शब्द व्यापक अर्थाने, म्हणजे मातीतील कॅल्शियम या अन्नद्रव्यासाठी, वापरला आहे. प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. डोंगरउतारावरील अरण्य हटवून तेथे दुसरे काही लावताना कोणती माती सावरेल आणि कोणती सावरणार नाही, हे या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.

चुनखडीवरील माती : तुलनेसाठी

चुनखडी म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना मुळांच्या व सूक्ष्मजीवांच्या श्वसनातून निघणारा कर्बवायू त्यात विरघळतो आणि सौम्य कार्बोनिक आम्ल तयार होते. या आम्लात चुनखडी हळूहळू विरघळून वाहून जाते. शुद्ध चुनखडीच्या शंभर भागांपैकी पंच्याण्णव ते नव्याण्णव भाग अशा प्रकारे नाहीसे होतात आणि मागे उरतो तो चिकणमाती व लोहाचा अल्पसा गाळ. एक मीटर जाडीचा खडक विरघळल्यावर जेमतेम काही सेंटिमीटर माती हाती लागते. म्हणूनच चुनखडीच्या डोंगरावरील माती उथळ असते.

उथळ असली तरी ती दरिद्री नसते. वरच्या थरातून जेवढे कॅल्शियम धुपून जाते तेवढे खालचा खडक सतत पुरवत राहतो. त्यामुळे मातीचा सामू उदासीनतेच्या आसपास राहतो, मातीच्या कणांवरील जागा कॅल्शियम व मॅग्नेशियमने भरलेल्या असतात आणि कॅल्शियमच्या सान्निध्यात ह्यूमस घट्ट बांधला जातो. अशा जमिनीवरील अरण्य तोडले तर धूप भयंकर होते, हे स्लोव्हेनिया व क्रोएशियातील उघड्या पडलेल्या कार्स्ट डोंगरांनी दाखवून दिले आहे. पण जेथे थोडीबहुत माती उरते तेथे तिची रासायनिक घडी शाबूत राहते, कारण तिचा पुरवठादार खालीच बसलेला असतो.

महाराष्ट्रात चुनखडीचे मोठे साठे आहेत ते यवतमाळ जिल्ह्यातील वणी आणि चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा-कोरपना परिसरात. तेथील सिमेंट उद्योग त्यावरच उभा आहे. सिंधुदुर्ग तेथून सर्वार्थाने दूर आहे.

सिंधुदुर्गाचा खडक आणि पाऊस

1 मे 1981 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याची भूरचना एकजिनसी नाही. उत्तरेकडील देवगड, वैभववाडी हे तालुके आणि सह्याद्रीचा माथा प्रामुख्याने बेसाल्टचा आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे हे थर दक्षिणेकडे पातळ होत जातात आणि कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ले, दोडामार्ग या भागांत त्यांच्याखालचे कितीतरी प्राचीन पट्टिताश्म, सुभाजा व क्वार्टझाइट उघडे पडतात. कणकवली तालुक्यातील कासार्डे परिसरातील सिलिका वाळू आणि वेंगुर्ले तालुक्यातील रेडीचे लोहखनिज ही याच जुन्या खडकांची देणगी होय.

या सर्व खडकांवर ठिकठिकाणी पांघरूण आहे ते जांभ्याचे. फ्रान्सिस बुकानन याने 1807 साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात केरळातील अंगाडिपुरम येथील अशाच खडकाला 'लॅटेराइट' हे नाव दिले. लॅटिन भाषेत 'लेटर' म्हणजे वीट. कोकणातील गवंड्याला ही व्युत्पत्ती सांगण्याची गरज नाही. खाणीतून चिरा काढताना तो मऊ असतो आणि उन्हावाऱ्यात टणक होतो, हे तो पिढ्यान्‌पिढ्या जाणतो.

जांभा कसा तयार होतो हे पाहिले की चुन्याचा प्रश्न स्पष्ट होतो. ताज्या बेसाल्टमध्ये कॅल्शियम ऑक्साइडचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास असते. उष्ण हवा, मुसळधार पाऊस आणि मधला दीर्घ कोरडा काळ यांच्या आवर्तनात लक्षावधी वर्षे विदारण चालू राहिले की प्रथम सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम ही द्रव्ये धुपून जातात. पाठोपाठ सिलिकाही मोठ्या प्रमाणात जाते. मागे राहतात ती लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे. पक्क्या जांभ्यात कॅल्शियम एक टक्काही उरत नाही. म्हणजे चुनखडी विरघळताना जे हजारो वर्षांत घडते तेच येथे फार संथ गतीने पण अखेरपर्यंत घडलेले आहे. दोन्हीकडे माती लाल दिसते आणि दोन्हीकडे तो लाल रंग हेमाटाइट या लोह-ऑक्साइडचाच असतो. हे साम्य फसवे आहे. टेरा रोसाच्या मुळांना खाली चुनखडी भेटते. कोकणातील लाल मातीच्या मुळांना खाली भेटतो तो रिता झालेला जांभा.

त्यात पावसाची भर पडते. मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर वर्षाला सर्वसाधारणपणे दोन ते तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. किनाऱ्यापासून सरळ रेषेत फारशा दूर नसलेल्या, सुमारे 690 मीटर उंचीवरील आंबोलीत हे प्रमाण सात हजार मिलिमीटरच्या घरात जाते, आणि तेही बहुतांशी चार महिन्यांत. इतके पाणी मातीतून उतरत असताना विद्राव्य द्रव्य टिकून राहावे ही अपेक्षाच विसंगत वाटते. कोकणातील जांभ्या मृदांचा सामू साधारणतः 5 ते 6.5 च्या दरम्यान आढळतो, हे त्याचेच द्योतक आहे. सामू साडेपाचच्या खाली गेला की ॲल्युमिनियम विद्राव्य होऊन मुळांना अपायकारक ठरू लागते आणि स्फुरद लोह-ॲल्युमिनियमच्या संयुगांत अडकून पिकाला दुर्लभ होतो.

बेसाल्टच्या पोकळ्यांतील पुरवठादार

तथापि सर्व सह्याद्री सारखाच रिता नाही. लाव्हा थंड होताना त्यात वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या राहिल्या आणि नंतर त्यांत जिओलाइट गटातील खनिजे स्फटिकरूपाने भरली गेली. ह्यूलँडाइट, स्टिलबाइट यांसारखी महाराष्ट्रातील जिओलाइटे जगभरच्या संग्रहालयांत शोभेसाठी मांडलेली असतात. त्यांची खरी कामगिरी मातीत आहे. या खनिजांच्या जाळीदार रचनेत कॅल्शियम सैलसर धरलेले असते आणि विदारणात ते हळूहळू मोकळे होते.

नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेतील टी. भट्टाचार्य, डी. के. पाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात पश्चिम घाटाच्या दमट पट्ट्यातील लाल मृदांचा जो अभ्यास केला, त्यातून हा मुद्दा पुढे आला. एवढ्या पावसात या मृदा पूर्णपणे आम्लयुक्त व रित्या व्हावयास हव्या होत्या, तशा त्या झाल्या नाहीत. कारण मूळ बेसाल्टमधील जिओलाइट त्यांना आम्लारी द्रव्ये पुरवत राहिले. दुसऱ्या शब्दांत, चुनखडीच्या डोंगरात खडक जे काम करतो ते येथे काही अंशी जिओलाइट करते.

मात्र ही सोय जेथे विदारण न झालेला बेसाल्ट मुळांच्या आवाक्यात आहे तेथेच लागू पडते. घाटाच्या तीव्र उतारावर माती सतत घसरत असल्याने ताजा खडक वरचेवर उघडा पडतो. तेथील माती दिसायला राकट असली तरी तिला पुरवठा आहे. माथ्यावरील जाड जांभ्याच्या सड्यावर तो नाही. दक्षिणेकडील क्वार्टझाइट व वालुकाश्माच्या टेकड्यांवर तर तो कधीच नव्हता. सिंधुदुर्गातील दोन डोंगर हिरवाईत सारखे दिसत असले तरी मातीच्या हिशेबात त्यांची पत सारखी नसते.

अरण्य चुना कसा राखते

जेथे खडक काहीच देत नाही, तेथे चुना टिकवण्याचे काम सर्वस्वी अरण्याकडे येते. ते तीन प्रकारे होते.

खोल मुळे जांभ्याच्या भेगांतून खालच्या मऊ, अर्धवट विदारण झालेल्या थरापर्यंत जातात आणि तेथे उरलेसुरले कॅल्शियम वर आणतात. ते पानांत, सालीत व लाकडात साठते आणि पानगळीबरोबर जमिनीवर येते. कोकणातील ऐन हा वृक्ष या बाबतीत विशेष उल्लेखनीय आहे. ऐनाच्या सालीची राख पूर्वी विड्याच्या पानाबरोबर चुन्याऐवजी खाल्ली जात असे, अशी नोंद एकोणिसाव्या शतकातील वनोपजांच्या वर्णनांत मिळते. ज्या मातीत चुना शोधावा लागतो त्या मातीत वाढलेल्या झाडाच्या सालीतून चुना निघावा, यातच या चक्राचे मर्म आहे. आफ्रिकेतील इरोको वृक्षाबाबत तर संशोधकांनी असे दाखवले आहे की आम्लयुक्त मातीतही या झाडाच्या ऊतींमधील कॅल्शियम ऑक्झलेटचे जीवाणू व बुरशी यांच्या साहाय्याने कॅल्शियम कार्बोनेटमध्ये रूपांतर होते आणि झाडाच्या बुंध्याभोवती अक्षरशः चुना साचतो.

दुसरे काम ह्यूमस करतो. मातीतील कण कॅल्शियमसारखे धन-आयन किती धरून ठेवू शकतात हे त्यांच्या विनिमय-क्षमतेवर अवलंबून असते. देशावरील काळ्या मातीतील स्मेक्टाइट या खनिजाची क्षमता दर किलोग्रॅमला 80 ते 120 सेंटिमोल इतकी असते. जांभ्या मातीत प्रामुख्याने आढळणाऱ्या केओलाइनाइटची क्षमता जेमतेम 3 ते 15. ह्यूमसची क्षमता मात्र दोनशे व त्याहून अधिक भरते. याचा सरळ अर्थ असा की जांभ्या वनमृदेत चुना धरणारी कोठी खनिजांची नसून सेंद्रिय द्रव्याची आहे, आणि ती वरच्या पाच-दहा सेंटिमीटरांत सामावलेली आहे. खालच्या लाल थरात खोदत गेले तर माती भरपूर लागते, अन्नद्रव्य लागत नाही.

तिसरे काम गतीचे आहे. जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा यांच्या सदाहरित रानात जमिनीवर पातेऱ्याचा थर वर्षभर असतो, पण तो फारसा जाड होत नाही. वाळवी, गोम, गांडुळे व बुरशी यांच्याकडून पाने लवकर कुजवली जातात आणि मोकळे होणारे कॅल्शियम वरच्यावर पसरलेली बारीक मुळे लगेच शोषून घेतात. द्रव्य पाण्यात उतरण्यापूर्वीच ते पुन्हा झाडात जाते. शिवाय दाट छत्रामुळे पावसाचा थेंब थेट मातीवर आदळत नाही. पावसाबरोबर समुद्रावरून येणाऱ्या क्षारांतूनही अल्प प्रमाणात भर पडते आणि छत्र तीही टिपून घेते.

कोकणच्या शेतीने या कोठीचा उपयोग फार पूर्वी ओळखला होता. भाताचा तरवा काढण्यासाठी राब भाजताना डोंगरावरील कवळ, पातेरा व शेण यांचा थर रोपवाटिकेच्या जागेवर रचून पेटवला जातो. त्यातून तण व किडींचा नाश होतो हे खरे. पण त्याबरोबरच झाडांनी वर आणलेले कॅल्शियम व पोटॅशियम राखेच्या रूपाने आम्लयुक्त खाचरात उतरते. चुनखडी नसलेल्या प्रदेशातील शेतकऱ्याने केलेली ही चुन्याची मात्राच होय. या प्रथेचा गौरव करताना तिची किंमतही सांगावयास हवी. खाचरातील तेवढा चुना डोंगरातून वजा होत असे. ज्या वरकस उतारावर दर काही वर्षांनी झाडे तासून, भाजून नाचणी-वरी घेतली जाई, तेथे पडिताचा काळ पुरेसा लांब असेतोवर हिशेब जमत असे.

अरण्य हटल्यावर

जांभ्या जमिनीवरील अरण्य तोडले की माती विटेसारखी कडक होते, असे विधान अनेक पुस्तकांतून केले जाते. ते अतिरंजित आहे. नवा कठीण थर असा चार पावसाळ्यांत तयार होत नाही. प्रत्यक्षात वरची काळसर माती वाहून जाते आणि खाली आधीपासूनच असलेला कातळ उघडा पडतो. पाहणाऱ्याला परिणाम एकच वाटला तरी कारण वेगळे आहे, आणि उपाय शोधताना हा फरक महत्त्वाचा ठरतो.

धुपीच्याही आधी एक अदृश्य हानी सुरू होते. झाडे गेल्यावर सेंद्रिय नत्राचे नायट्रेट होत राहते, पण ते शोषणारी मुळे उरलेली नसतात. नायट्रेट पाण्याबरोबर उतरते आणि विद्युतभाराचा समतोल राखण्यासाठी सोबत कॅल्शियम घेऊन जाते. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात हबर्ड ब्रूक येथे 1965-66 च्या हिवाळ्यात एका पाणलोटातील सर्व झाडे तोडून जो प्रयोग झाला, त्यात नंतरच्या दोन वर्षांत ओढ्यातून वाहून जाणारे कॅल्शियम कित्येक पटींनी वाढल्याचे मोजले गेले. त्याच ठिकाणी आम्लवर्षेने रित्या झालेल्या दुसऱ्या एका पाणलोटावर 1999 साली हेलिकॉप्टरमधून कॅल्शियम सिलिकेटची भुकटी पसरावी लागली. हबर्ड ब्रूकची वार्षिक वृष्टी सुमारे 1400 मिलिमीटर आहे. आंबोलीची तिच्या पाचपट. तापमानातील फरकामुळे तेथील आकडे येथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत, प्रक्रिया मात्र तीच आहे.

1990-91 पासून रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवडीमुळे सिंधुदुर्गातील उतारांवर काजू व आंब्याचे क्षेत्र झपाट्याने वाढले. वेंगुर्ले येथील प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने विकसित केलेल्या काजूच्या जातींनी अनेक कुटुंबांना स्थिर उत्पन्न दिले, हे नाकारण्याचे कारण नाही. बोडक्या वरकसावर लावलेली काजूची बाग मातीला हितकारकच ठरते. प्रश्न उभे अरण्य काढून लावलेल्या बागेचा आहे. काजूच्या बीबरोबर शेताबाहेर जाणारे कॅल्शियम अगदी थोडे असते. तोटा तेथे होत नाही. तो होतो बी गोळा करणे सोपे व्हावे म्हणून दरवर्षी झाडांखालची जमीन साफ करून पातेरा जाळण्यात. राख मोकळ्या उतारावर पडून राहते आणि जूनच्या पहिल्या सरींबरोबर व्हाळात जाते. दोडामार्ग तालुक्यात रबर व अननसाच्या लागवडीसाठी मोठे उतार एकाच वेळी मोकळे केले गेले, तेथे हा धोका अधिक आहे, कारण त्या भागातील खडकात जिओलाइटचा आधारही नाही.

उताराखालच्या पाण्यातही हा हिशेब उमटतो. मालवण तालुक्यातील धामापूरचा तलाव 1530 साली बांधला गेला असे मानले जाते. आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने 2020 मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा दर्जा दिला. दोन्ही बाजूंच्या डोंगरांवर झाडी असल्यानेच एवढ्या शतकांनंतरही तो गाळाने भरून गेलेला नाही, असे अनुमान काढणे वावगे ठरणार नाही. धरणाच्या भिंतीचे श्रेय बांधणाऱ्यांना दिले जाते; त्या झाडीखालच्या काही सेंटिमीटर मातीचा उल्लेख सहसा होत नाही.

देवराया : तुलनेची उपलब्ध जागा

वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनी 1970 च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला, तो प्रामुख्याने वनस्पतींच्या दृष्टीने. मृदेच्या दृष्टीनेही या जागा मोलाच्या आहेत. देवराईतून लाकूड वा पातेरा न नेण्याचा दंडक जेथे पाळला गेला, तेथे कॅल्शियमचे चक्र दीर्घकाळ फारसे खंडित न होता चालू राहिले. देवराईच्या कुंपणाला लागूनच वरकस जमीन किंवा काजूची बाग असते. खडक तोच, पाऊस तोच, उतार जवळपास तोच. फरक केवळ वरच्या आच्छादनाचा. प्रयोगशाळेत उभारता येणार नाही अशी ही मांडणी गावोगावी तयार आहे. सिंधुदुर्गातील महाविद्यालयांच्या भूगोल, रसायनशास्त्र व वनस्पतिशास्त्र विभागांना अल्प खर्चात ती अभ्यासता येईल.

मोजमापाचा प्रश्न

असा अभ्यास हाती घेताना रूढ पद्धतीतील दोन उणिवा ध्यानात घ्याव्या लागतील. केंद्र शासनाने फेब्रुवारी 2015 मध्ये सुरू केलेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत सामू, विद्युतवाहकता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल व बोरॉन असे बारा घटक नोंदवले जातात. कॅल्शियम त्यांत नाही. देशातील बहुतांश शेतजमिनींत ते मुबलक असल्याने ही निवड समजण्यासारखी आहे. परंतु जांभ्या उतारावर नेमका तोच घटक नोंदीबाहेर राहतो.

दुसरी उणीव नमुन्याच्या खोलीची. शेतातील नमुना सामान्यतः वरच्या 15 ते 20 सेंटिमीटर मातीचा घेऊन एकत्र मिसळला जातो. नांगरटीने ढवळलेल्या जमिनीला ते योग्य आहे. वनमृदेत मात्र वरच्या पाच सेंटिमीटरांतील काळी, चुना धरून असलेली माती आणि तिच्याखालची रिती लाल माती यांची अशाने सरमिसळ होते. देवराईचा व काजूच्या बागेचा नमुना अशा रीतीने घेतला तर दोहोंतील अंतर प्रत्यक्षापेक्षा बरेच कमी दिसेल. त्यामुळे 0 ते 5, 5 ते 15 आणि 15 ते 30 सेंटिमीटर असे तीन नमुने स्वतंत्रपणे घ्यावेत, पातेऱ्याचा थर वेगळा उचलून वजन करावा आणि प्रत्येकात विनिमयक्षम कॅल्शियम व ॲल्युमिनियम मोजावे. पहिला नमुना मे महिन्याच्या अखेरीस आणि दुसरा ऑक्टोबरमध्ये त्याच जागी घेतल्यास एका पावसाळ्यात उतारावरून किती चुना गेला, याचा अंदाज त्याच वर्षी हाती येईल.